रायपूर–दुर्ग उन्नत रेल्वे : आराखडा होण्यापूर्वीचे प्रश्न

(कुरुद, भिलाई येथे मराठी भाषिक कामगार सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



छत्तीसगड सरकारने २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात रायपूर ते दुर्ग मेट्रो रेल्वेच्या सर्वेक्षणासाठी तरतूद केली. त्याच वर्षी विधानसभेने राजधानी क्षेत्र विकास प्राधिकरणाचा कायदा केला आणि रायपूर, नवा रायपूर, भिलाई व दुर्ग ही शहरे एका नियोजनाखाली आणण्याचे ठरवले. त्याआधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, रायपूरच्या तत्कालीन महापौरांनी मॉस्कोत लाइट मेट्रोच्या सामंजस्य करारावर सही केल्याची बातमी सर्व वृत्तपत्रांनी छापली होती. भिलाईच्या जुन्या माणसांना मॉस्कोचे नाव ऐकून काय आठवले असेल ते वेगळे सांगायला नको. परंतु २ फेब्रुवारी १९५५ चा करार आणि ही सही यांत तुलना करू नये. त्या करारातून अडीच टक्के व्याजाने बारा हप्त्यांत फेडायच्या कर्जावर एक पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याची पहिली झोतभट्टी पेटली. या सहीतून आजवर एक खांबही उभा राहिलेला नाही.

खांब उभा राहिलेला नाही, म्हणूनच आजची चर्चा आवश्यक आहे. आपल्याकडे असे घडते की, रस्त्याच्या मध्यभागी पत्र्याचे कुंपण पडते, खोदाई सुरू होते, कोणाचे दुकान जाते, कोणाची झोपडी जाते, आणि त्यानंतर आपण मोर्चा घेऊन जातो. त्या वेळी अधिकारी शांतपणे सांगतात की मार्ग तर तीन वर्षांपूर्वीच ठरला. कर्जाचा करार झाला, निविदा निघाल्या, आता फक्त नुकसानभरपाईचे बोला. ते खोटे बोलत नसतात. उन्नत रेल्वेमार्ग कोणाच्या उपयोगाचा होणार, हे पर्यायांचा अभ्यास आणि सविस्तर प्रकल्प अहवाल लिहिला जातो त्या टेबलावर ठरते. तेव्हा त्या टेबलाशी कुरुदचा कामगार कसा पोहोचेल, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम हे पाहू की भिलाईत कामगाराला वाहतुकीचा प्रश्न मुळात का पडला. १९५५ नंतर कारखान्याबरोबरच सेक्टरांची वसाहत वसवली गेली. कायम कामगाराला क्वार्टर मिळाले आणि सायकलवर टांग टाकून तो फाटकाशी पोहोचू लागला. घर आणि कारखाना यांतील अंतराचा खर्च कारखान्यानेच, घराच्या रूपाने, उचलला होता. विदर्भातून, भंडारा-गोंदिया-नागपूरकडून जी मराठी कुटुंबे इथे आली, त्यांतील अनेकांची पहिली पिढी अशा क्वार्टरात राहिली. पुढे कायम भरती आटत गेली आणि तेच काम ठेकेदाराच्या माणसांकडून होऊ लागले. ठेका कामगाराला क्वार्टर नाही. तो कुरुदला, जामुलला, खुर्सीपारला भाड्याच्या खोलीत राहतो, आणि अंतराचा खर्च आता त्याच्या मजुरीतून जातो: पेट्रोलात, शेअर ऑटोत, आणि झोपेच्या तासांत. वाहतुकीचा प्रश्न हा मजुरीचा प्रश्न आहे असे आपण म्हणतो ते या अर्थाने. मालकाने घराची जबाबदारी टाकली, तिचा बोजा कामगाराच्या खिशावर आला, आणि आता तोच बोजा हलका करण्यासाठी सार्वजनिक पैशातून रेल्वे बांधली जात असेल, तर ती त्याच्या उपयोगी पडते की नाही हे विचारण्याचा अधिकार सर्वांत आधी त्याचा आहे.

आता एक साधी गोष्ट तपासा. पोलाद कारखान्याची पाळी सकाळी सहाला बदलते, दुपारी दोनला बदलते आणि रात्री दहाला बदलते. नागपूरची मेट्रो सर्वसाधारणपणे सकाळी सहाला सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास बंद होते. हेच वेळापत्रक इथे आणले, तर पहिल्या पाळीला जाणाऱ्याला जाताना गाडी नाही, दुसऱ्या पाळीहून सुटणाऱ्याला परतताना गाडी नाही, आणि तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याने तासभर आधी जाऊन फाटकाबाहेर बसावे. तीन पाळ्यांपैकी एकाही पाळीला ती गाडी पूर्ण उपयोगी नाही! भिलाईच्या मधोमध धावणारी रेल्वे आणि भिलाईच्या कामगाराला तिचा उपयोग नाही, असा प्रकार कोणाच्या दुष्टपणामुळे होणार नाही. वेळापत्रक बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा ते पाचचा कार्यालयीन प्रवासी आणि विमानतळावर जाणारा प्रवासी असतो, म्हणून तो होईल. रात्री रूळ आणि तारा तपासण्यासाठी काही तास मार्ग बंद ठेवावाच लागतो, हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण तो बंद काळ रात्री अकरा ते पहाटे पाच असावा की दहा ते सहा, हे कोणत्याही अभियांत्रिकी शास्त्राने ठरवलेले नाही.

मार्गाचेही तसेच आहे. रायपूर ते दुर्ग रेषा ओढायला कोणालाही सांगितले तर तो ती जी. ई. रोडवर ओढेल, कारण रस्ता सरळ आहे, सरकारी आहे आणि मधल्या दुभाजकावर खांब बसतात. कुरुद मात्र जी. ई. रोडपासून आत, उत्तरेला आहे. स्थानक सुपेल्याला झाले काय किंवा पॉवर हाउसला झाले काय, कुरुदहून तिथपर्यंत येण्यासाठी शेअर ऑटो, तिथून मेट्रो, आणि उतरल्यावर कारखान्याच्या फाटकापर्यंत पुन्हा काहीतरी, असे तीन तुकडे होतात. तीन ठिकाणी थांबायचे आणि तीनदा पैसे मोजायचे. माणूस हिशेब करतो आणि मोटरसायकलला लाथ मारतो. संसदेच्या नगरविकासविषयक स्थायी समितीने २०२२ साली मेट्रो प्रकल्पांचा आढावा घेतला, तेव्हा अनेक शहरांत प्रवासी अपेक्षेहून फार कमी असल्याचे तिला आढळले, आणि कारणांमध्ये सदोष प्रकल्प अहवाल व घरापासून स्थानकापर्यंतच्या जोडवाहतुकीची हेळसांड ही दोन्ही होती. ज्यांना आपले म्हणणे अडाणीपणाचे वाटते त्यांनी तो अहवाल वाचावा.

नागपूरचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, आणि ते सरसकट वाईट नाही हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भूमिपूजन झाले, मार्च २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचा काही भाग प्रवाशांसाठी सुरू करण्याचा समारंभ झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्गही खुले झाले. मंजुरीच्या वेळी खर्च ८६८० कोटी रुपये धरला होता. सुमारे ३८ किलोमीटरसाठी तो किलोमीटरमागे सव्वादोनशे कोटींच्या आसपास जातो. काम केंद्र व राज्य यांच्या सार्वजनिक कंपनीने केले. भाग वगळता बरेचसे भांडवल कर्जाचे, त्यात जर्मनी आणि फ्रान्सच्या विकास बँकांचा वाटा मोठा. डबे चीनच्या दालियनचे. ही परतफेड पुढली कैक वर्षे नागपूरकरांच्या भाड्यातून व करांतून होणार आहे. नागपुरात दस्त नोंदणीवर एक टक्का अधिभार मेट्रोसाठी लावलेला आहे, म्हणजे मेट्रोत कधी न बसलेला माणूसही एक खोली विकत घेताना मेट्रोला पैसे देतो.

पण पाहण्यासारखी गोष्ट टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात मेट्रो विमानतळावरून खापरीला, मिहानच्या दाराशी गेली. बुटीबोरीची औद्योगिक वसाहत, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगर ही नावे दुसऱ्या टप्प्यात आली. ४३ किलोमीटरहून अधिक लांबीच्या, ६७०८ कोटींच्या त्या टप्प्याचे भूमिपूजन पहिला टप्पा पूर्ण होताना झाले. पहिल्या टप्प्याचा एक फाटा हिंगणा रस्त्यावर लोकमान्य नगरपर्यंत गेला होता हे मान्य. तरीही बुटीबोरीला रोज पहाटे निघणारा कामगार दुसऱ्या रांगेत उभा राहिला हे विसरता येत नाही. नियोजनात ‘पुढील टप्पा’ हा शब्द बहुधा कष्टकऱ्यांच्या वस्त्यांसाठी राखीव असतो. इथेही पहिल्या नकाशात नवा रायपूर, विमानतळ आणि रायपूरची बाजारपेठ ठळक दिसेल, आणि कुरुद-जामुलची बाजू तुटक रेषेने दाखवतील. ती तुटक रेषा आपण मान्य करता कामा नये.

नागपूरकडून शिकण्याजोगीही एक गोष्ट आहे. वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा दुमजली पूल एकाच खांबांवर उभारला गेला. रस्तेवाले आणि रेल्वेवाले वेळीच एकत्र बसले, म्हणून ते साधले. आता आपल्या जी. ई. रोडकडे पाहा. गेल्या काही वर्षांत कुम्हारी, डबरापारा, पॉवर हाउस, चंद्रा-मौर्या चौक असे एकामागून एक उड्डाणपूल उभे राहिले. त्यांच्या खांबांचे नियोजन करताना पुढे याच मार्गावर उन्नत रेल्वे येईल असा विचार झाल्याचे कुठे दिसत नाही. उद्या रेल्वे आली की ती या पुलांच्या डोक्यावरून न्यावी लागेल किंवा बाजूने जमिनी घेत न्यावी लागेल. उंची वाढली की खर्च वाढतो, स्थानकाच्या पायऱ्या वाढतात, म्हाताऱ्या माणसाचे आणि डोक्यावर बोजा घेतलेल्या बाईचे हाल वाढतात. बाजूने गेले की सुपेल्याचे लहान दुकानदार उठतात. एकाच रस्त्यावर दोन खात्यांनी दोनदा खर्च करायचा आणि बिल जनतेने भरायचे, हा नियोजनाचा नमुना आहे! सर्वेक्षणाने याचे उत्तर पहिल्या प्रकरणात दिले पाहिजे.

आता त्याहून मोठा प्रश्न. रायपूर आणि दुर्ग यांच्यामध्ये रेल्वे नाही काय? हावडा–मुंबई मुख्य मार्ग याच पट्ट्यातून जातो. भिलाई नगर, भिलाई पॉवर हाउस, भिलाई, कुम्हारी, सरोना ही स्थानके आहेत. मार्ग विद्युतीकृत आहे, मेमू गाड्या धावतात. ही गाडी स्वस्त आहे, आणि तिला हवी आहे फक्त नियमितता. पण गेल्या काही वर्षांत या गाडीचे काय झाले? २०२० मध्ये साथीच्या वेळी गाड्या बंद झाल्या. सुरू झाल्या तेव्हा ‘विशेष’ हे नाव लावून पॅसेंजरला एक्सप्रेसचे भाडे घेतले गेले, आणि दहा रुपयांचे किमान भाडे तीस झाले. साध्या भाड्याची व्यवस्था परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. मध्यंतरी २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोहोचवण्यासाठी देशभर प्रवासी गाड्या रद्द झाल्या, आणि त्यांतल्या मोठ्या संख्येने आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या होत्या. रूळ तेच, त्यांवर कोळसा आधी जावा की माणूस, असा प्रश्न आला तेव्हा निर्णय कोणत्या बाजूने झाला हे आपण सर्वांनी फलाटावर उभे राहून पाहिले आहे.

म्हणून एप्रिल २०२५ मधील एका निर्णयाकडे मी आपले लक्ष वेधतो. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने खरसिया–नवा रायपूर–परमलकसा या मार्गावर पाचवी-सहावी मार्गिका मंजूर केली; लांबी २७८ किलोमीटर, खर्च ८७४१ कोटी. परमलकसा दुर्गच्या पलीकडे, राजनांदगावच्या बाजूला आहे. म्हणजे ही मार्गिका झाली की कोळसा, पोलाद आणि सिमेंट यांची पुष्कळशी मालवाहतूक रायपूर–दुर्ग हा गजबजलेला तुकडा टाळून जाऊ शकेल. मग मोकळ्या झालेल्या जुन्या मार्गाचे काय करणार? माझ्या मते सर्वेक्षणात तपासायचा पहिला पर्याय हाच आहे: जुन्या मार्गावर पंधरा-वीस मिनिटांनी धावणारी उपनगरी मेमू, स्थानकांना जोडणाऱ्या महानगरपालिकेच्या बसगाड्या, आणि त्यानंतर, जिथे खरोखर गरज सिद्ध होईल तिथे, उन्नत मार्ग. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणानेच पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास बंधनकारक केला आहे. आपण वेगळे काही मागत नाही. सरकारने आपलेच धोरण पाळावे एवढे मागतो. नाशिकचे पाहा. तिथे रबरी चाकांच्या हलक्या ‘निओ’ मेट्रोसाठी फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात २०९२ कोटींचा उल्लेख झाला, आणि वर्षे गेली तरी काम सुरू झालेले नाही. या काळात नाशिकच्या नोकरदाराला घोषणेत बसून कामावर जाता आले नाही. मेट्रोच्या आशेवर आजची मेमू आणि आजची बस उपाशी ठेवणे हा सर्वांत महाग सौदा आहे.

याच २०१७ च्या धोरणात दुसरेही एक कलम आहे आणि ते गोड नाही. केंद्राची मदत हवी असेल तर कोणत्या ना कोणत्या स्वरूपात खाजगी भांडवलाचा सहभाग असलाच पाहिजे. खाजगी सहभाग म्हणजे काय याचा धडा मराठी माणसाला मुंबईत मिळाला आहे. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा, बारा स्थानकांचा संपूर्ण उन्नत मार्ग. २००७ चा करार. खाजगी कंपनीचे ६९ टक्के भाग, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे २६, उरलेले एका परदेशी कंपनीचे. खर्च २३५६ कोटी धरला, आणि त्यात तूट भरून काढण्यासाठी ६५० कोटींची सार्वजनिक मदत. ८ जून २०१४ रोजी गाडी धावली तेव्हा कंपनी म्हणाली, खर्च ४३०० कोटींच्या वर गेला, तेव्हा करारातील नऊ ते तेरा रुपयांचे भाडे आम्हाला परवडत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. भाडे दहा ते चाळीसपर्यंत चढले. २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने कमाल भाडे ११० रुपयांपर्यंत नेण्याची शिफारस केली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, म्हणून लोक बचावले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खाजगी भागीदाराचा हिस्सा सुमारे चार हजार कोटींना विकत घेण्याचे ठरवले, आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. त्या गाडीला गर्दी नाही असे नाही. गर्दी इतकी की अंधेरीला पाय ठेवायला जागा नसते. भरलेली गाडी, वाढलेले भाडे, आणि तरीही तोट्याचा हिशेब! या त्रैराशिकाचा उलगडा ज्याला करता येईल त्याने भिलाईत खाजगी भागीदार आणावा.

ही नुसती एका कंपनीची कथा नाही, कायद्याची रचना पाहावी लागते. मुंबईचा तो मार्ग आरंभी ट्रामच्या जुन्या कायद्याखाली आखला होता. २०१३ मध्ये त्याला केंद्रीय मेट्रो कायदा लागू झाला. २००२ च्या त्या कायद्यानुसार पहिले भाडे मेट्रो चालवणारे प्रशासन स्वतः ठरवू शकते, आणि पुढचे भाडे न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती ठरवते. समितीची शिफारस प्रशासनावर बंधनकारक असते. नगरसेवक, आमदार, विधानसभा यांना भाड्याच्या बाबतीत मत मांडण्यापलीकडे काही उरत नाही. दिल्लीत २०१७ साली एकाच वर्षात दोनदा वाढ होऊन कमाल भाडे तीसवरून पन्नास व मग साठ झाले. बंगळूरमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाचे नव्वद झाले. दोन्ही ठिकाणी लोक चिडले, निवडून आलेली माणसे म्हणाली की समितीचा निर्णय आहे, आमचा इलाज नाही. निवडून आलेल्या माणसाला ‘माझा इलाज नाही’ असे म्हणता यावे, अशीच ही व्यवस्था बांधली आहे.

भाड्याच्या प्रश्नावर आपल्या चळवळीला जुना अनुभव आहे. जुलै १९५३ मध्ये कलकत्त्याच्या ब्रिटिश ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. एक पैसा! त्यासाठी सारे शहर रस्त्यावर आले आणि वाढ थांबवावी लागली. त्या वेळी जे हसले त्यांना हे कळले नाही की कारकुनाच्या आणि गिरणी कामगाराच्या महिन्याच्या हिशेबात तो पैसा रोज दोनदा येत होता. पुढे ऑक्टोबर १९८१ मध्ये लंडनच्या नगरपरिषदेने उलट दिशेने पाऊल टाकले: भाडे सरासरी बत्तीस टक्क्यांनी उतरवले आणि तूट स्थानिक करातून भरली. गाड्या भरू लागल्या. डिसेंबरात लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायाधीशांनी हे बेकायदेशीर ठरवले आणि मार्चमध्ये भाडे जवळजवळ दुप्पट झाले. १९८३ मध्ये परिषदेने कायद्याच्या चौकटीत राहून पुन्हा सुमारे पंचवीस टक्के कपात केली. दोन्ही उदाहरणांत वाद अभियांत्रिकीचा नव्हता. शहर चालवण्याचा खर्च प्रवाशाने द्यावा, की ज्यांना तो कामगार वेळेवर कामावर येऊन हवा आहे त्या उद्योगांनी आणि मालमत्ताधारकांनी द्यावा, हा वाद होता. भिलाईत पोलाद कारखाना आहे, सिमेंट आहे, शेकडो लहानमोठे अभियांत्रिकी कारखाने आहेत. कामगाराच्या प्रवासखर्चात त्यांचा वाटा काय, हा प्रश्न प्रकल्प अहवालात लिहिला जाईल असे मला वाटत नाही. तो आपणच लिहून द्यावा लागेल.

जमिनीबद्दल थोडे. मेट्रो आली की आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढतो, तेव्हा ती वाढ पकडून प्रकल्पाला वळवा, असे धोरण सांगते. तत्त्व म्हणून यात आक्षेपार्ह काही नाही. समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे यावे हे तर आपणच म्हणतो. पण प्रत्यक्षात काय होते? नागपुरात मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंत चार इतका चटईक्षेत्र निर्देशांक देऊ केला गेला. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला चौपट बांधकाम, आणि ज्याच्या नावावर भाड्याची खोली आहे त्याला घर खाली करण्याची नोटीस. हैदराबादला २००८ मध्ये पहिला ठेका दिला तेव्हा ठेकेदार मदत मागण्याऐवजी सरकारलाच तीस हजार कोटींहून अधिक रक्कम द्यायला निघाला होता! रेल्वे चालवून एवढा पैसा येत नाही, हे दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन यांनी त्याच वेळी नियोजन मंडळाला लिहून कळवले; त्यांचा रोख ठेक्यासोबत मिळणाऱ्या जमिनींकडे होता. काही महिन्यांतच, जानेवारी २००९ मध्ये, त्या कंपनीशी संबंधित ‘सत्यम’चा घोटाळा उघडा पडला आणि ठेका कोसळला. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांच्या जमिनीचे जे झाले ते आपल्यापैकी अनेकांच्या नातलगांनी भोगले आहे. कुरुद हे मूळचे गाव, आता महानगरपालिकेत आलेले. इथे पट्टा नसलेली घरे आहेत, भाड्याच्या चाळी आहेत. मार्गाची अधिसूचना निघण्याआधी घरांची आणि भाडेकरूंची नोंद झाली पाहिजे, कारण अधिसूचना निघाल्यावर कागदावर फक्त मालक उरतो.

जे हात हे बांधतील त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरुदपूरला बांधकामाधीन मेट्रो पूल कोसळून सहा माणसे गेली. १० जानेवारी २०२३ रोजी बंगळूरमध्ये खांबाचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर पडला आणि दुचाकीवरून जाणारी आई आणि तिचे लहान मूल ठार झाले. उन्नत मार्गाचे काम वाहत्या रस्त्याच्या डोक्यावर चालते. गर्डर उचलण्याची घाई केली की मरण खालच्या माणसाचे असते. म्हणून निविदेतच सुरक्षिततेचा खर्च वेगळा दाखवावा, कामगारांची नोंद व राहण्याची सोय मुख्य ठेकेदारावर बंधनकारक करावी, आणि गाडी सुरू झाल्यावर तिकीट खिडकीपासून सफाईपर्यंतची कायम स्वरूपाची कामे ठेक्याने देऊ नयेत. पॉवर हाउस स्थानकाच्या रुळांवर १ जुलै १९९२ रोजी गोळीबारात जे कामगार पडले, ते ठेका कामगारांच्या लढ्यातलेच होते. त्याच पॉवर हाउसला उद्या चकचकीत उन्नत स्थानक होईल, आणि त्यात झाडू मारणाऱ्या बाईला किमान वेतन मिळत नसेल, तर ही प्रगती कसली?

रुळांचा मुद्दा भिलाईत सांगितला नाही तर आपण हसे करून घेऊ. १९६० पासून भारतीय रेल्वेचे रूळ इथून जातात; आज १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ इथे लाटला जातो आणि जोडून २६० मीटरचे तुकडे रवाना होतात. पण महानगरी मेट्रोंना लागणारे, माथा कठीण केलेले रूळ बराच काळ परदेशातून आणले गेले. भिलाईच्या दारातून जाणाऱ्या रेल्वेचे रूळ भिलाईचे असावेत, आणि त्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याला आधीपासून मागणी नोंदवावी, ही मागणी भावनेची नाही. कर्जाच्या करारात यंत्रसामग्री कोणाकडून घ्यायची याच्या अटी असतात, त्या सही होण्यापूर्वी वाचाव्यात.

काही साथी म्हणतात, मेट्रो ही श्रीमंतांची चैन आहे, सरळ विरोध करा. हे मला पटत नाही. दिल्लीत लाखो कामगार मेट्रोने जातात. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलींना तिच्यामुळे जो आधार मिळाला तो नाकारून चालणार नाही. जी. ई. रोडवर दर आठवड्याला कोणीतरी दुचाकीवरून जाताना मरतो, ती माणसे आपलीच आहेत. सार्वजनिक वाहतुकीला विरोध करून आपण मोटारवाल्यांची बाजू घेऊ. दुसऱ्या टोकाला काही साथी म्हणतात, विकास येतो आहे, आता खोडा घालू नका. त्यांनाही सांगितले पाहिजे की मुंबईत वडाळ्याहून मोनोरेल आली तीही विकास म्हणूनच आली होती. २०१४ मध्ये पहिला भाग आणि २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पूर्ण मार्ग सुरू झाला, पण प्रवासी मिळाले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुसळधार पावसात गाडी माणसांसह हवेत अडकली आणि सप्टेंबरात सेवा थांबवावी लागली. जिथून माणसे जात नाहीत तिथून मार्ग काढला, म्हणून ती गत झाली.

तेव्हा आता कामाचे बोलू. सल्लागार कंपनी सर्वेक्षण करील तेव्हा तिची माणसे जी. ई. रोडच्या चौकात उभी राहून गाड्या मोजतील. जो माणूस भाडे परवडत नाही म्हणून सायकलवर जातो, किंवा दूर जाणे झेपत नाही म्हणून कमी मजुरीचे जवळचे काम धरतो, तो त्या मोजणीत येत नाही. त्याला आपण मोजायचे आहे. कुरुद, जामुल, कोहका आणि खुर्सीपार या चार वस्त्यांत प्रत्येक सभासदाने पंचवीस घरे घ्यावीत. घरातले कोण कुठे कामाला जाते, किती वाजता निघते, कशाने जाते, रोजचे किती रुपये लागतात, घर स्वतःचे की भाड्याचे, पट्टा आहे की नाही, एवढेच विचारावे. बायकांना वेगळे विचारावे. घरकामाला सेक्टरांत जाणाऱ्या बायकांचा प्रवास नवऱ्याने सांगितलेल्या उत्तरात येत नाही. प्रश्नपत्रिका हिंदीत आणि छत्तीसगडीत राहील. आपल्या घरांसाठी मराठीत लागली तरी छापू, पण ही मोजणी मराठी माणसांची नाही, वस्तीची आहे. हे कागद एकत्र करून महानगरपालिकेला आणि राजधानी क्षेत्र प्राधिकरणाला द्यायचे, आणि पर्यायांचा अभ्यास हिंदीतून जाहीर करून वॉर्डावॉर्डात सुनावणी घेण्याची मागणी त्यासोबत लेखी करायची. युनियनमधल्या साथींनी पाळीच्या वेळा प्रत्येक कारखान्याकडून लेखी मिळवाव्यात. आणि एक सूचना मोजणी करणाऱ्यांना: रात्री दहानंतर घरी कसे परतता, हा रकाना कोणत्याही घरासाठी रिकामा सोडू नये.